२ ऑगस्ट २०२७चं सूर्यग्रहण : खानदेशातली कुठली जागा धरायची?

पांझराकाठ (धुळे)

नमस्कार मंडळी. २ ऑगस्ट २०२७ला, सोमवारी, सूर्यग्रहण आहे. खग्रासाचा पट्टा स्पेन-मोरोक्कोकडून निघतो, इजिप्तात लक्सरवरून जातो आणि सौदी, येमेन, सोमालिया करत हिंदी महासागरात उतरतो. आपल्या वाट्याला खंडग्रास. वेळ दुपार कलल्यावरची, मध्य साडेचार ते पाचच्या दरम्यान, आणि सूर्याचा अर्ध्याहून बराच कमी भाग झाकलेला.

एवढ्याशा ग्रहणासाठी कशाला धावपळ, असं बरेच जण म्हणतील. मला मात्र या ग्रहणाचा फोटो हवाय, आणि तो नुसत्या सूर्याचा नकोय. काळ्या पार्श्वभूमीवर कडेला कुरतडलेलं पिवळं बिंब धुळ्यातून टिपलं काय आणि दुबईतून टिपलं काय, सारखंच. नंदुरबारच्या किंवा भुसावळच्या माणसाने पाहताक्षणी म्हणावं, "अरे, हे तर आपलं अमुक ठिकाण!", असा फोटो हवा.

माझ्या मनात पहिलं नाव लळिंगचं आहे. शहरापासून जवळ, फारुकींच्या काळातला किल्ला, आग्रा रोडवरून जाणारा प्रत्येक जण ओळखतो. पण हट्ट नाही. जागा कुठली, लेन्स कुठली आणि ढगांचं काय करायचं, एवढं या धाग्यावर ठरवू. बोला.

अहिराणी_भो (पारोळा)

भो, ढग उनात ते मंग काय करशात? ऑगस्टमा आठे सूर्य दिखस का कधी? तरी मी बी येस तुमना संगे.

गिरणामाई (चाळीसगाव)

माझं मत पाटणादेवीला. कारण फक्त निसर्ग नाही. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, यादव राजा सिंघणाच्या पदरी ज्योतिषी होता. आजोबांचा सिद्धान्तशिरोमणी हा गणित-ज्योतिषाचा ग्रंथ शिकवला जावा म्हणून त्याने पाटणला, म्हणजे पाटणादेवीच्याच गावी, मठ काढला. त्याचा शिलालेख भाऊ दाजी लाडांनी उजेडात आणला. त्यात शके ११२८ आहे, निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने मठाला दिलेलं दान आहे, आणि ते दान श्रावण पौर्णिमेला चंद्रग्रहणाच्या वेळी दिल्याची नोंद आहे. बाजारातल्या मालावरचा कोणता वाटा मठाला जायचा, तो मजकूर तर चक्क जुन्या मराठीत आहे.

सिद्धान्तशिरोमणीत सूर्यग्रहणाचं अख्खं प्रकरण आहे. एकाच ग्रहणात लक्सरला भर दुपारी अंधार पडतो आणि धुळ्याला बिंबाची नुसती कड जाते, ती लंबनामुळे. चंद्र सूर्याच्या मानाने जवळ आहे, म्हणून जागा बदलली की तो सरकलेला दिसतो. हे सरकणं किती, याचं गणित त्या ग्रंथात आहे. ज्या गावात ते शिकवायला मठ होता, त्या गावातून ग्रहण टिपायचं नाही तर कुठून?

ऑगस्टमध्ये केदारकुंडाला पाणी असतं, डोंगर हिरवागार असतो. हेमाडपंती महादेव मंदिर आहे. वन खात्याचं फाटक आहे, तेव्हा संध्याकाळी बाहेर पडायची वेळ आधी विचारून घ्यावी लागेल.

कोनमापक (जळगाव)

जागेआधी सूर्य कुठे असेल ते बघू. मी धुळ्याचं गणित मांडलं. मध्याच्या सुमारास सूर्य क्षितिजापासून साधारण ३३ अंश वर आणि बरोबर पश्चिमेपासून आठेक अंश उत्तरेकडे. जळगाव, नंदुरबारला यात अंशा-दोन अंशांचाच फरक. हे दोन आकडे हातात आले की निम्म्या जागा आपोआप गळतात.

लांबून मोठी लेन्स लावायची आणि किल्ल्याच्या मागे भलामोठा सूर्य दाखवायचा, हा प्रकार उगवतीचा किंवा मावळतीचा. २५ ऑक्टोबर २०२२चं ग्रहण आठवा, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशीचं. ते आपल्याकडे ग्रस्तास्त होतं, ग्रहण लागलेला सूर्यच मावळला. तेव्हा हे जमत होतं. सूर्याचा व्यास आकाशात साधारण अर्धा अंश. कुठलीही वस्तू तिच्या उंचीच्या सुमारे १०९ पट अंतरावरून सूर्याएवढी दिसते. म्हणजे १० मीटरचा बुरुज आणि सूर्य सारखे दिसायला हवे असतील तर बुरुजापासून किलोमीटरभर लांब जायचं. २०२२ला ते शक्य होतं. २०२७ला किलोमीटरभरावरून सूर्य बुरुजाला टेकवायचा तर बुरुज तुमच्यापेक्षा साडेसहाशे मीटर उंच पाहिजे. लळिंग तेवढा उंच नाही.

म्हणून दोनच रस्ते उरतात. वस्तूच्या अगदी पायाशी जाऊन वर बघायचं. नाहीतर लहान लेन्स उभी धरून खालचा देखावा आणि वरचा सूर्य एका चौकटीत बसवायचा, आणि सूर्य बारीक दिसेल हे आधीच मान्य करायचं.

पांझराकाठ (धुळे)

कोनमापक, मला नेमकं हेच हवं होतं. लहान लेन्स म्हणजे किती लहान? सूर्य ओळखू तरी यायला हवा, आणि कड गेलेलीही दिसायला हवी.

कोनमापक (जळगाव)

सेन्सरवर सूर्याची प्रतिमा म्हणजे फोकल लांबी भागिले १०९. २४ मिलिमीटरची लेन्स लावली तर पाव मिलिमीटरही भरत नाही. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेमवर, म्हणजे ३६ बाय २४ मिलिमीटरच्या मोठ्या सेन्सरवर, तो साधारण ३७ पिक्सेलचा ठिपका होतो. कड गेलेली कळेल, पण फोटो मोठा करून बघावा लागेल. ५०ची लेन्स उभी धरली तर तिची नजर वर-खाली जवळपास ४० अंशांची. क्षितिजाखाली तीन अंश जमीन ठेवली तरी ३३ अंशांवरचा सूर्य वरच्या कडेच्या आत बसतो, आणि आकार दुप्पट. क्रॉप, म्हणजे त्याहून लहान सेन्सर असेल तर ३५. घरोघरी असलेल्या १८-५५ किट लेन्सवर हे सहज होतं. या ग्रहणासाठी ६००ची लेन्स भाड्याने आणायची गरज नाही.

आणखी एक. सगळे जण ग्रहणमध्याच्या क्षणाला धरून बसतात. आपल्याला देखावा हवा असेल तर मोक्षाकडची, म्हणजे ग्रहण सुटत येतानाची वेळ जास्त कामाची, कारण तोवर सूर्य पंचवीस अंशांपर्यंत खाली येतो. कड थोडी कमी गेलेली असेल, पण लेन्स ५०ऐवजी ७० लावता येते. मध्याला रुंद देखावा आणि मोक्षाकडे जरा जवळचा, अशी वाटणी करा.

सातपुडा_पायथा (शहादा)

२०२७चं ग्रहण आमच्याकडच्या लोकांना ओळखीचं वाटायला हवं. २२ जुलै २००९चं खग्रास ज्या मालिकेतलं होतं त्याच मालिकेतलं हे पुढचं, सारोस १३६. मध्ये १८ वर्षं ११ दिवस आणि वर आठेक तास. त्या आठ तासांत पृथ्वी एक तृतीयांश फिरते, म्हणून पट्टा तेवढा पश्चिमेला सरकतो. २००९ला तो सुरतवरून आत शिरून आमच्या नंदुरबार-शहादा-तोरणमाळवरून इंदूर-भोपाळकडे गेला होता. या वेळी तो लक्सरला.

तेव्हा सूर्य ग्रहण घेऊनच उगवला होता आणि सहा वाजून वीस-पंचवीस मिनिटांच्या आसपास खग्रास. आभाळ भरलेलं होतं. सूर्य दिसला नाही, पण अंधार दिसला. पश्चिमेकडून शेतांवरून सरकत आला. बैलं उभी राहिली, बोरीच्या झाडावरच्या चिमण्यांचा कलकलाट एकदम थांबला, आणि तीनेक मिनिटांनी पुन्हा उजेड फुटला तेव्हा कोंबडे आरवायला लागले. माझ्याकडे त्या सकाळचा एकही फोटो नाही, आणि मला त्याची आजही रुखरुख आहे. ढगाळ आभाळ असलं तरी त्या उजेडात शेतं कशी दिसत होती, हे टिपायला हवं होतं.

२०२७ला अंधार पडणार नाही, एवढ्या खंडग्रासात उजेड कमी झालेलाही जाणवणार नाही. पण जागा निवडताना तोरणमाळ सोडून द्या, हे मी तिथला माणूस म्हणून सांगतो. ऑगस्टमध्ये यशवंत तलावाचा समोरचा काठ धुक्यात दिसत नाही. अक्राणी आणि नवापूर या दोन्ही बाजू पावसाच्या. जायचं तर पूर्वेकडे जा.

काळी_माती (शिंदखेडा)

पूर्वेकडे म्हणजे आमच्याकडे या. सह्याद्रीच्या आडोशाला असल्याने शिंदखेडा तालुक्यात पाऊस कमी, दुष्काळाच्या यादीत आमचं नाव असतंच. शेतकऱ्याला हे दुखणं आहे, पण त्या दिवशी तुमच्या उपयोगाला येईल. साक्री पश्चिमेला झड लागलेली असताना इकडे उघडीप आहे, असं पावसाळ्यात बऱ्याचदा होतं.

मुडावदला पांझरा तापीला मिळते, कपिलेश्वराचं मंदिर आहे. ऑगस्टमध्ये पात्र भरलेलं असतं आणि तापी पश्चिमेला वाहते, म्हणजे सूर्य नदीच्या पुढच्या दिशेला. कोनमापकांची ५०ची चौकट इथे छान बसेल: खाली गढूळ भरलेली तापी, मध्ये काठ, वर सूर्य.

दोन गोष्टी सांभाळा. २ ऑगस्टला आषाढी अमावस्या, दिव्याची अवस, आणि सोमवार असल्याने सोमवती. त्यात ग्रहण. तापीच्या सगळ्या संगमांवर स्नानाला गर्दी होणार. प्रकाशा या तापीकाठच्या तीर्थाला तर उभं राहायला जागा मिळायची नाही. मुडावदला त्या मानाने कमी, पण घाटावर ट्रायपॉड मांडून लोकांची वाट अडवू नका, थोडं बाजूला काठावर बसा. आणि गाडी डांबरी सोडून शेतरस्त्याला घालू नका. पावसाची एक सर आली की आमची काळी माती चाक धरते, मग ट्रॅक्टर बोलवावा लागतो आणि तेवढ्यात ग्रहण सुटतं.

पवनवेल (साक्री)

पवनचक्क्यांचं कुणीच नाव काढलं नाही? ब्राह्मणवेलचं पठार बघा. खानदेशातल्या नव्या पिढीला किल्ल्याइतकीच ओळखीची खूण आहे ती. आणि कोनमापक म्हणतात तसं पायाशी जाऊन वर बघायचं, तर मनोऱ्यासारखी दुसरी वस्तू नाही.

कोनमापक (जळगाव)

फार चांगली सूचना. मनोरा ७५ मीटरचा धरला तर ३३ अंशांवरचा सूर्य त्याच्या डोक्याला टेकायला तुम्ही पायथ्यापासून साधारण ११५ मीटरवर, पूर्वेला आणि किंचित दक्षिणेला उभं राहायचं. डोळ्यापासून डोक्यापर्यंतचं तिरपं अंतर १३८ मीटर, तिथे सूर्य सव्वा मीटरची वस्तू झाकेल एवढा. म्हणजे पात्याच्या जाड बुडख्यापेक्षा तो लहान दिसेल. पात्याच्या कडेला, अगदी चिकटून, खाल्लेला सूर्य. इथे २०० ते ४००ची लेन्स उपयोगाला येईल.

सूर्य दोन मिनिटांत स्वतःच्या व्यासाएवढा सरकतो, त्यामुळे ट्रायपॉड उचलून दोन-दोन पावलं सरकत राहावं लागेल. आधी पावलं मोजून जमिनीवर खुणा करून ठेवा.

पांझराकाठ (धुळे)

पवनवेल, तिथे जायला परवानगी कुणाकडून? पाती फिरत असताना जवळ उभं राहू देतात का?

पवनवेल (साक्री)

रस्ते कंपन्यांचे, आजूबाजूच्या जमिनी शेतकऱ्यांच्या. चौकीवर आधी जाऊन लेखी सांगावं, आणि ज्याच्या शेतात उभं राहायचं त्याला विचारावं. कुंपणाच्या आत जायची गरजच नाही, ११५ मीटर म्हणजे बाहेरूनच होतं. मी दोन्हीकडे विचारून ठेवतो.

जुना_स्टुडिओ (भुसावळ)

लेन्स आणि जागा बोलून झाल्या, पण अजून कुणी फिल्टरचं बोललं नाही, म्हणून लिहितो. हे सगळ्यांनी वाचा, नवशिक्यांनी दोनदा वाचा.

खंडग्रासात एक क्षणही असा नसतो की फिल्टर काढून सूर्याकडे बघता येईल. बघण्यासाठी आयएसओ १२३१२-२ लिहिलेला चष्मा. कॅमेऱ्याला सौर फिल्म, घनता ५ची, म्हणजे प्रकाशाचा एक लाखावा भाग आत सोडणारी. ती लेन्सच्या पुढे लावायची, मागे कधीच नाही. एक्सरेचा कागद, काजळी धरलेली काच, जुन्या निगेटिव्ह, एकावर एक चढवलेले गॉगल यांनी उजेड कमी वाटतो, पण न दिसणारे अवरक्त किरण आत जातात. डोळ्याच्या पडद्याला दुखत नाही, त्यामुळे भाजलं ते लगेच कळत नाही. चष्मा लावून कॅमेऱ्याच्या खिडकीतून किंवा दुर्बिणीतून बघणं तर सगळ्यात वाईट. लेन्सने गोळा केलेली उष्णता चष्मा जाळून डोळ्यात जाते. चौकट लाइव्ह व्ह्यूवरच, म्हणजे कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर बघूनच लावायची.

फिल्म बसवायची ती अशी. जाड पुठ्ठ्याची नळी लेन्सच्या तोंडावर घट्ट, पण ओढली की निघेल एवढी. फिल्म तिच्यावर ताणून बसवायची नाही. ती सुरकुतलेली चालते, ताणली की प्रतिमा बिघडते. आधी बल्बसमोर धरून सुईएवढं जरी भोक दिसलं तरी तो तुकडा टाकून द्यायचा. पावसाळी वारा असतो, म्हणून नळी लेन्सला बाहेरून कागदी चिकटपट्टीने बांधायची. पठारावर जाणारे असाल तर नक्कीच.

उघड्या आकाशात या फिल्मसह आयएसओ १००, एफ ८ आणि १/५००च्या आसपास सुरू करा, आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) काढून ठेवा. आणि एक गोष्ट आधीच लक्षात घ्या: या फिल्मसह सूर्य सोडून बाकी सगळं ठार काळं येतं. पवनचक्की असो की बुरुज, सूर्यासमोर आलेला तुकडाच दिसणार. देखावा एकाच चौकटीत कसा येणार, हा खरा प्रश्न आहे.

गिरणामाई (चाळीसगाव)

मग दोन फोटो जोडायचे का? मला ते पटत नाही. कोणी तरी कन्याकुमारीचा सूर्य पाटणादेवीवर चिकटवतं आणि लोक वाहवा करतात. आपण त्यातले नको.

जुना_स्टुडिओ (भुसावळ)

जोडण्यात आणि चिकटवण्यात फरक आहे. ट्रायपॉड हलवायचा नाही, लेन्स तीच, फोकल लांबी तीच. फिल्मसह सूर्याचा फोटो, मग लेन्सवर हात धरून फिल्म काढायची आणि सूर्य ढगाआड जाताच देखाव्याचा. सूर्य जिथे होता तिथेच, जेवढा होता तेवढाच. फिल्मच्या काळातही आम्ही एकाच निगेटिव्हवर दोनदा एक्सपोज करायचो. फोटोखाली तसं लिहावं म्हणजे झालं.

गिरणामाई (चाळीसगाव)

लिहिणार असाल तर माझी हरकत नाही. पण लिहिलेलं पुढे पाठवताना गळतं, फोटोच तेवढा फिरतो. म्हणून मी एकाच चौकटीचा आग्रह धरते. सूर्य मोठा करून जोडलेला फोटो इथे कुणी टाकला तर मी त्याला दाद देणार नाही, एवढं आत्ताच सांगते.

पांझराकाठ (धुळे)

गिरणामाईंशी मी सहमत आहे, आणि मला वाटतं एकाच चौकटीची सोय आपल्याला ऑगस्टच करून देईल. पूर्ण निरभ्र आकाशात हा फोटो होतच नाही, कारण सूर्य आणि जमीन यांच्या उजेडात फार अंतर असतं. पातळ ढग सूर्यावरून जात असतील तर ते अंतर ढगच कमी करतो. अशा वेळी घनता ५ची फिल्म उलट जास्त गडद होते. तेव्हा कॅमेऱ्यापुरता दहा स्टॉपचा एनडी, म्हणजे नुसता उजेड कमी करणारा करडा फिल्टर, लावला तर कड गेलेलं बिंबही येईल आणि ढगांच्या कडा, डोंगराची रेघ, नदीची चमकही. मी श्रावणातल्या सूर्यावर हे करून पाहिलंय. बिंबाची कड स्वच्छ येते, पण ढगाची जाडी मिनिटागणिक बदलते, म्हणून एक्सपोजर हाताने सारखं बदलत राहावं लागतं.

जुना_स्टुडिओ, यात धोका कुठला ते तुम्ही सांगा.

जुना_स्टुडिओ (भुसावळ)

धोका डोळ्याला. एनडी हा बघायचा फिल्टर नव्हे. ढग पातळ असला तरी किरण येतच असतात, आणि ढग कधी सरकेल याचा नेम नाही. आरशाच्या कॅमेऱ्याच्या खिडकीवर आधीच काळी चिकटपट्टी लावून टाका, म्हणजे सवयीने डोळा जाणार नाही. लांब लेन्सवर हे करूच नका, ढग सरकला की आतली पाती आणि सेन्सर भाजू शकतात. २४ ते ५०च्या लेन्सवर, आणि दोन फोटोंच्या मध्ये पुठ्ठा पुढे धरून. एवढं पाळलं तर तुमची कल्पना चांगली आहे.

चाळणीतून (अमळनेर)

माझ्याकडे फक्त मोबाइल आहे. मी यायचं का? आणि घरी आई ग्रहणात बाहेर पडू नको म्हणते, तिला काय सांगू?

गिरणामाई (चाळीसगाव)

यायचंच. आईंना सांगा की सूर्याकडे बघणार नाही, जमिनीकडे बघणार आहे. आणि त्यांनाही अंगणात घेऊन या, बघितल्यावर त्या स्वतःच शेजारणींना हाक मारतील.

दाट पानांच्या झाडाखाली जमिनीवर उन्हाचे गोल कवडसे पडतात ना, ती प्रत्येक एक सूर्याची प्रतिमा असते. ग्रहणात त्या सगळ्यांची कड एकदम जाते. पाच मीटर अंतरावरच्या फटीतून साडेचार सेंटिमीटरचा कवडसा पडतो, तोच १०९चा हिशेब. सूर्य तिरपा असल्याने जमिनीवर ते लांबट पडतील. पांढरा पुठ्ठा सूर्याकडे तोंड करून धरला की गोल होतात. मंदिराची दगडी जाळी, खाट विणलेली सुंभाची जाळी, पिठाची चाळणी, काहीही चालतं. मोबाइलला फिल्टर लागत नाही कारण तुम्ही पुठ्ठ्याचा फोटो काढताय. मला तर वाटतं पाटणच्या हेमाडपंती मंदिराच्या भिंतीवर पडलेले कड गेलेले कवडसे, हाच या ग्रहणाचा खरा खानदेशी फोटो होईल.

पांझराकाठ (धुळे)

हे वाचून मी थांबलोच. भिंतीवर कवडसे आले तर देखावा आणि ग्रहण एकाच उजेडात मिळतात, फिल्टरचा प्रश्नच उरत नाही. मंदिराची पश्चिमेची बाजू उघडी आहे का? की झाडी आणि डोंगर आडवे येतात? सूर्य तेहतीस अंशांवर आहे, तेव्हा डोंगराने अडू नये, पण झाड नेमकं किती अंतरावर आहे हे जाऊन बघावं लागेल.

कोनमापक (जळगाव)

जाऊन बघायचा दिवस मी सांगतो. आकाशात सूर्याची वाट वर्षातून दोनदा सारखी येते. २ ऑगस्टची वाट आणि १० मेच्या आसपासची वाट जवळपास एकच. ९ मे २०२७ला रविवार आहे. त्या दिवशी सूर्य २ ऑगस्टच्या जागेपासून स्वतःच्या व्यासापेक्षाही कमी अंतरावरून जाईल, फक्त घड्याळात दहाएक मिनिटं आधी. म्हणजे ऑगस्टमध्ये पावणेपाचला सूर्य जिथे असेल तिथे तो मेमध्ये चार पस्तीसला दिसेल. मेमध्ये खानदेशात आभाळ स्वच्छ असतं, तेव्हा ही तालीम वाया जाणार नाही. बुरुज, पवनचक्की, मंदिराची भिंत, नदीचा काठ, सगळीकडे त्याच दिवशी त्याच वेळी उभं राहून एकेक फोटो काढा, जमिनीवर खूण करा. यंत्र नसेल तर एक मीटरची काठी उभी करा, तिची सावली दीड मीटर झाली की सूर्य ३३ अंशांवर आला.

झाडांची पानं आणि नदीचं पाणी तेवढं मेमध्ये वेगळं असेल, ते मनाने धरायचं. ऊन बेचाळीसच्या वर असतं, पाणी आणि टोपी घ्या, कॅमेरा गाडीत ठेवू नका.

काळी_माती (शिंदखेडा)

आणि २ ऑगस्टला सकाळी अकरापर्यंत कुणीही कुठे निघू नका. हवामान खात्याची इन्सॅट उपग्रहाची ताजी चित्रं बघायची, ढग पश्चिमेकडून कसे येतायत ते पाहायचं, मग ठरवायचं. धुळ्याहून मुडावद, साक्री किंवा चाळीसगाव, कुठेही दुपारच्या आत पोहोचता येतं. एकच जागा धरून बसलात तर मन दुखेल.

सातपुडा_पायथा (शहादा)

लळिंगचं एक सांगायचं राहिलं. ३१ जुलैला लांडोर बंगल्यावर मोठा मेळा असतो, बाबासाहेब १९३७ला तिथे मुक्कामी होते म्हणून. दोन दिवस आधीची ही गर्दी आहे, २ तारखेला अडचण यायची नाही, पण जागा बघायला त्याच दिवशी गेलात तर गाडी लावायला जागा मिळणार नाही.

पांझराकाठ (धुळे)

मग असं धरूया. लळिंगला मी लांबून फोटो काढायचा विचार सोडतो. बुरुजाच्या पायाशी, तटाला चिकटून वर बघणारा फोटो घेईन. बुरुज माझ्यापेक्षा वीस मीटर उंच असेल तर तीस मीटरवर उभं राहून सूर्य तटाच्या कडेला टेकतो, आणि तिथे तो एखाद्या घडीव दगडाएवढा दिसतो. मला तो आकार फार आवडला. पवनवेल पठारावर, काळी_माती मुडावदला, गिरणामाई पाटणादेवीला भिंतीवरच्या कवडशांसाठी. चाळणीतून, तुम्ही आणि आई गिरणामाईंबरोबर जा, अमळनेरहून चाळीसगावला रेल्वे सरळ नाही, जळगावला बदलावी लागेल, त्यापेक्षा एसटी बघा. सगळे ९ मेला आपापल्या जागी तालीम करून इथे फोटो टाकतील. २ ऑगस्टला ज्याच्याकडे उघडीप असेल तो बाकीच्यांना कळवेल.

आणि २०२७ला पूर्ण झड लागलीच, तर नंतरची एक संधीही आत्ताच सांगून ठेवतो. २० मार्च २०३४. खग्रासाचा पट्टा लडाखच्या बाजूने जातो, आपल्याकडे खंडग्रास, दुपार कलल्यावर, सूर्य या वेळेपेक्षा खाली, आणि मार्चचं कोरडं आभाळ. तालमीत केलेल्या नोंदी तेव्हाही उपयोगी पडतील, म्हणून कोन आणि अंतरं नीट लिहून ठेवा.

अहिराणी_भो (पारोळा)

मी लळिंगले येस. भाकरी-शेवभाजी मनाकडथून.

जुना_स्टुडिओ (भुसावळ)

फिल्मचा मोठा कागद एकत्र मागवू, वेगवेगळा मागवला तर महाग पडतो. प्रत्येकाने आपल्या लेन्सच्या तोंडाचा बाहेरचा व्यास पट्टीने मोजून इथे टाका. फिल्टरच्या आट्याचा आकडा नको, बाहेरचा हवा, नळी बाहेरून बसते. पुठ्ठ्याच्या नळ्या मी कापून ९ मेच्या आधी पाठवतो.

पवनवेल (साक्री)

माझ्या दोन लेन्स. एकीचा ८३ मिलिमीटर, दुसरीचा ६९. चौकीवर बोललो, लेखी अर्ज आणून द्या म्हणाले. शेतकरी दादा तयार आहेत, फक्त कपाशीत पाय पडू देऊ नका म्हणाले.